मापाची वाटी

अंबुबाईंच्या घरात वाढताना मोजायची पद्धत नव्हती. जेवणाऱ्यानं ताटावर आडवा हात धरून ‘बास’ म्हणायचं आणि त्या हाताच्या फटीतून आणखी एक पळी ताटात पडायची, असा तिथला कायदा. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तो सगळ्यांना ठाऊक होता. एकदा गॅसची टाकी द्यायला आलेला माणूस घोटभर पाणी प्यायला म्हणून टेकला, तो दोन कडक भाकरी, आमटी आणि ओंजळभर शेंगा चटणी खाऊनच उठू शकला. खाली त्याची गाडी हॉर्न वाजवून वाजवून गप्प झाली. ‘‘मोजून वाढायला ही काय खानावळ हाय?’’ असं अंबुबाई म्हणत.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण समोरच्या राजाबाईंच्या नवऱ्याला साखरेचा आजार निघाला, तेव्हा अंबुबाईंनी ओट्यावर उभं राहून, गल्लीतल्या शेवटच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं होतं, ‘‘आमच्या ह्यांनी सत्तरी गाठली, पर दवाखान्याची पायरी चढले न्हाईत. उगंच न्हाय. घरात वाढणारी मी हाय.’’

राजाबाईंनी त्यावर उत्तर दिलं नव्हतं. उत्तर राखून ठेवलं होतं.

आणि मग एका सकाळी अंबुबाईंच्या ह्यांच्या, म्हणजे श्रीमंतरावांच्या, पायात चप्पल जाईना. आधी अंबुबाईंनी चपलेला दोष दिला, मग चप्पल विकणाऱ्याला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली आणि हातांवरही सूज आली, तेव्हा दोष द्यायला माणूस उरला नाही. मुलगा मल्हार रात्रपाळी करून झोपलेला. सून ऋतुजा एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तिनं रजा टाकली आणि दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी कागद उलटसुलट बघितले आणि म्हणाले, किडन्या बऱ्याच दिवसांपासून थकत आल्या आहेत. बीपी कधी तपासलं होतं?

‘‘तपासायला काय झालं होतं त्येनला?’’ अंबुबाई म्हणाल्या.

डॉक्टर सबुरीचे होते. त्यांनी समजावलं की आता खाण्यातलं प्रोटीन कमी करायचं. डाळ, मटण, अंडी, दूध, शेंगदाणे, सगळं कमी. जेवढं प्रोटीन जास्त, तेवढा किडनीला भार जास्त. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू. वाढलेलं निघालं तर मशीनची तयारी करावी लागेल.

‘‘मशीन बसवायला जागा हाय आमच्यात,’’ अंबुबाई म्हणाल्या. ‘‘माळ्याखाली.’’

‘‘मशीन इथं असतं, आजी. आठवड्यातून दोन-तीनदा यायचं. अंगातलं रक्त बाहेर काढून, साफ करून परत आत सोडायचं.’’

श्रीमंतरावांनी उभा जन्म चादरीच्या कारखान्यात काढला होता. रंगवून, धुऊन, पिळून दोरीवर पडणाऱ्या चादरी त्यांनी लाखांनी बघितल्या असतील. त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि हात खिशात घातला. अंबुबाईंनी ते पाहिलं. रिक्षातून दारात उतरल्यावर त्या एवढंच बोलल्या, ‘‘ऋतुजा, गल्लीत कुणाला कळता कामा नये. राजाबाईला तर न्हायच न्हाय.’’

आता आहाराचा तक्ता आणणं हे एक स्वतंत्र प्रकरण झालं. तक्ता देणाऱ्या मॅडम तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्याकडं जायला केसपेपरवर शिक्का लागतो, शिक्का तळमजल्यावर, आणि शिक्का मारणारा गृहस्थ जेवायला गेलेला. ज्यांना कमी जेवा असं सांगितलं होतं ती सगळी माणसं, जेवायला गेलेल्या एका माणसाची वाट बघत बाकावर बसली होती. तो ढेकर देत आला, तेव्हा अंबुबाईंनी त्याला विचारलं, ‘‘पोट भरलं का? न्हाईतर आनी जाऊन या.’’ त्यानं शिक्का उलटा मारला. मग तिसऱ्या मजल्यावरून परत खाली.

मॅडम वयानं लहान होत्या. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची एक पांढरी वाटी होती. ती उचलून त्या म्हणाल्या, शिजलेली डाळ या मापानं, दिवसाला एक.

अंबुबाईंनी वाटी हातात घेऊन आतून-बाहेरून बघितली. ‘‘ह्यात आमी देवाला कुंकू ठिवतो.’’

‘‘तेवढीच, आजी. पण बंद नाही करायचं हं. अजिबात बंद केलं तर अंगातली ताकद जाईल. मोजून द्यायचं. आजोबांना शुगर नाही ना? मग ताकदीसाठी तूप, साखर, साबुदाणा द्या. त्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच.’’

‘‘साबुदाना चालंल? कूट घालून?’’

‘‘कूट न घालता.’’

सोलापुरात बसून कुटाशिवाय साबुदाणा खा म्हणणारी बाई परगावची असणार, हे अंबुबाईंनी ओळखलं. विचारल्यावर ती खरोखर लातूरची निघाली. पण ताकद जाईल म्हटल्यावर त्यांनी तोंड मिटलं, प्लास्टिकची वाटी पदराखाली घेतली आणि निघाल्या. ‘‘अहो आजी, ती वाटी दाखवायची आहे,’’ मॅडम मागून म्हणाल्या. ‘‘दावली की,’’ अंबुबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून श्रीमंतरावांच्या ताटात वाटी आली. अंबुबाई ती काठोकाठ भरत, मग बोटानं काठ निपटत, म्हणजे थेंबभरही जास्त नको. आणि ती ताटात ठेवताना नवऱ्याकडं न बघता भिंतीवरच्या खंडोबाच्या तसबिरीकडं बघत. श्रीमंतरावही तिकडंच बघत. दोघांच्या लग्नाला पन्नासच्या आसपास वर्षं झाली असतील, पण इतकं देवाकडं लक्ष देऊन त्यांचं जेवण कधी झालं नव्हतं. जेवण संपायचं आणि हात आडवा धरायची वेळच यायची नाही. ‘बास’ म्हणायचं ते कशाला?

घरात चवीचं काही दिसलं की माणसाचा जीव तिकडं धावतो, म्हणून अंबुबाईंनी दुसरं पाऊल उचललं. मंद्रूपहून त्यांचे दीर कोंडीबा दरसाल पोतंभर शेंगा पाठवत. यंदाचं पोतं नुकतंच आलेलं. ते घरात ठेवायचं नाही. पण विकायचं तर लोक विचारणार, आणि टाकायचं तर अंबुबाईंचा हात उठणार नाही. तेव्हा शेंगा फोडून, भाजून, उखळात कुटून त्यांनी चटणी केली आणि गल्लीत वाट्या पाठवायला सुरुवात केली.

वाट्या पोहोचवायचं काम श्रीमंतरावांकडं. डॉक्टरांनी चाला म्हटलं होतं, ते यात भागत होतं. एक वाटी राजाबाईंकडं, एक दुधनीच्या शरणम्माकडं, एक कोपऱ्यावरच्या सुंदरम्माकडं, जिच्या घरात खाली माग आणि वर माणसं राहत. प्रत्येक वाटीवर दुकानात मशीननं नाव घातलेलं, ‘सौ. अंबुबाई’. त्यामुळं वाटी जाते कुठंही, पण येते घरीच.

आणि वाटी रिकामी येत नाही, ही त्या गल्लीची रीत. वाटीत काही आलं की धुऊन, त्यात आपल्या घरचं काहीतरी घालूनच परत करायची.

पण वाट्या रिकाम्या येऊ लागल्या.

पहिल्या दिवशी अंबुबाईंनी वाटी पालथी करून बघितली. स्वच्छ. वरून ओली. ‘‘राजाबाईनं रिकामीच दिली?’’

‘‘व्हय,’’ श्रीमंतराव म्हणाले.

‘‘शरणम्मानं पन?’’

‘‘व्हय की.’’

अंबुबाईंना बरं वाटलं आणि अपमानही वाटला. घरात डाळीचं काही येत नाही हे बरंच. पण माणसांनी रीत सोडावी? शेंगा चटणीच्या बदल्यात शेंगेचं टरफलसुद्धा घालू नये? ‘‘निदान घासून तरी देत्यात,’’ त्या ऋतुजाला म्हणाल्या. ‘‘पेठ बिघडली. मानसं बिघडली.’’ आणि लोकांना लाज वाटावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट्यांवर चटणीची शीग लावली. तरी रिकाम्या. मग चटणीबरोबर भाकरी पाठवली. तरी रिकाम्या. मग अंबुबाईंनी हट्टालाच घेतलं. कोण आधी शरमतं बघूच. पोतं खाली होत गेलं, श्रीमंतराव रोज सकाळी आणि संध्याकाळी वाट्या घेऊन हिंडू लागले, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

‘‘मामांना पथ्य मानवलंय,’’ ऋतुजा म्हणाली.

‘‘वाढणारी कोन हाय?’’ अंबुबाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ते वाक्य उच्चारलं होतं. मात्र आवाज घराबाहेर जाऊ दिला नाही.

तीन महिने भरले. रक्त दिलं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि पुन्हा वरून वाचला. युरिया चढला होता, क्रिएटिनीन चढलं होतं. त्यांनी लातूरच्या मॅडमना बोलावून घेतलं. मॅडमनी अंबुबाईंना विचारलं, ‘‘आजी, खरं सांगा. माया येते, समजू शकते मी. पण जास्त वाढता ना?’’

अंबुबाईंनी आयुष्यात अनेक आरोप ऐकले होते. आणि त्यातले बरेच खरेही होते. पण जास्त वाढता, हा आरोप त्यांच्यावर आज, या जन्मात पहिल्यांदाच खोटा झाला होता. ‘‘खंडोबाची आन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या त्या कुंकवाच्या वाटीशिवाय एक थेंब दिला असंल तर हात झडून जाईल माझा.’’ मॅडमनी मान हलवली, पण त्या हलवण्यात विश्वास नव्हता. श्रीमंतराव खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर एक भिंत होती.

‘‘आणखी एक महिना बघू,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘नाहीतर मशीनसाठी हाताची नस तयार करावी लागेल.’’

त्या संध्याकाळी शरणम्मा आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पाचेक किलो तुरीची डाळ. ती पिशवी तिनं दाराआड, कुणाला दिसणार नाही अशी ठेवली, आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, ‘‘अक्का, राग करू नको. गावाकडनं आलंय. आमच्यात खानार कोन?’’

‘‘मला कशाला डाळ?’’

‘‘असू दे की. मल्हारची नोकरी लागंल परत. येळ काय तशीच ऱ्हात न्हाय.’’

‘‘मल्हारच्या नोकरीला काय धाड भरलीया? रात्रपाळीला गेलाय पोरगा.’’

शरणम्मा गोंधळली. मग तिनं सांगितलं, आणि अंबुबाई दाराची चौकट धरून ऐकत राहिल्या. गल्लीत अडचणीतली बाई तोंडानं मागत नाही, हे सगळ्यांना माहीत. ती चटणीची वाटी पाठवते, कारण वाटी भरून येणार हे तिला ठाऊक असतं. अंबुबाईंकडून रोज दोन वेळा वाट्या येऊ लागल्या तेव्हा बायकांनी ओळखलं. श्रीमंतरावांना विचारलं तर ते म्हणाले, घरी डाळ मोजून मिळते. अंबुबाईच्या घरात मोजून. मग काय उरलं? तिघींनी आपसात ठरवलं, बोलायचं नाही, तिचा मान राखायचा, नुसत्या वाट्या भरायच्या. शरणम्मा शेंगा पोळी घालायची, सुंदरम्मा घट्ट डाळीचं पप्पू घालायची, आणि राजाबाई आठवड्यातून दोनदा मटणाचा रस्सा, वर फोडी वेचून.

‘‘राजाबाई?’’ अंबुबाई म्हणाल्या.

‘‘तीच लई जीव टाकत होती,’’ शरणम्मा म्हणाली.

ती गेल्यावर अंबुबाई आत आल्या. श्रीमंतराव कॉटवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

‘‘कुटं बसून खात हुता?’’

‘‘मारुतीच्या पायरीवर.’’

‘‘आनी वाटी?’’

‘‘तितंच नळ हाय.’’

‘‘लाज न्हाय वाटली?’’

श्रीमंतरावांनी कॉटवरची चादर सारखी केली. ‘‘पयल्या दिशी ठरवंना मला. घरात आनली तर तू चिडशील. वाटंत टाकली तर अन्नाचा अपमान. मग खाल्लं. दुसऱ्या दिशी ठरवावं लागलं न्हाय.’’ मग ते म्हणाले, ‘‘तू ती वाटी बोटानं निपटतीस की न्हाय, अंबू. ते बघितलं की वाटतं, कुनाच्या तरी घरी जेवाय बसलोय. आपल्या न्हाय.’’

 अंबुबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, डाळीची पिशवी शरणम्माच्या दारात परत ठेवली आणि गल्ली ओलांडली.

राजाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. ‘‘या की. आज सोता? वाटी न्हाय आनली?’’

‘‘न्हाय. बोलायला आलेय.’’

‘‘बोलायला कशाला हितवर येताय? तुमच्या ओट्यावरनं ऐकू येतं की समदं.’’

अंबुबाईंनी ते गिळलं. पायरीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. ‘‘मल्हारची नोकरी हाय. घरात समदं हाय. ह्यांची किडनी खराब झालीया. डाळ-मटन मोजून द्या म्हणलंय डाक्टरनं. तुमी वाटीतनं घालताय ते त्येंच्या अंगात इख व्हतंय. आज रक्तात वाढलेलं निघालं. आनी वाढलं तर मशीनवर घालनार हाईत.’’

राजाबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. ‘‘कवापासनं?’’

‘‘सूज आली तवापासनं.’’

‘‘आनी आमाला आज सांगताय. आमी मटन घालतोय, देवाचं नाव घिऊन.’’

‘‘कसं सांगू? मी काय बोलले हुते, तुमाला याद नसंल.’’

‘‘याद हाय की. अक्षर न अक्षर हाय. म्हनून दावू?’’

‘‘दावा,’’ अंबुबाई म्हणाल्या.

राजाबाई उठल्या, कंबरेवर हात ठेवला, मान तशीच तिरकी केली आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या ह्यांनी सत्तरी गाठली, पर दवाखान्याची पायरी चढले न्हाईत. उगंच न्हाय. घरात वाढणारी मी हाय.’’ आवाजसुद्धा गल्लीतल्या शेवटच्या दारापर्यंत जाईल इतकाच लावला. सुंदरम्माकडचा माग क्षणभर थांबल्यासारखा वाटला. अंबुबाईंनी सगळं उभ्यानं ऐकलं. एक शब्दही चुकला नव्हता, दाद द्यावी असंच झालं होतं.

‘‘झालं,’’ राजाबाई म्हणाल्या. ‘‘आता बसा. चा करते. बिनसाखरंचा हाय आमच्यात.’’

चहा कडू होता. अंबुबाईंनी पूर्ण प्यायला. राजाबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या घरातली साखर बंद, तुमच्या घरातली डाळ. दोनी घरं एक केली तर एक मानूस तरी नीट जेवंल.’’ दोघी हसल्या. मग अंबुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. चहाची वाफ होती असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि तो चहा तर कोमट होता.

प्रश्न उरला वाटीचा. अंबुबाई म्हणाल्या, वाट्याच पाठवत नाही. राजाबाई म्हणाल्या, गड्याचं चालणं बंद होईल, आणि त्याला दारात कुणी विचारलं नाही तर तो आजारानं नाही, त्यानंच खचेल. अंबुबाई म्हणाल्या, मग रिकामी द्या. राजाबाई म्हणाल्या, ते मात्र मेले तरी जमायचं नाही.

शेवटी तोड राजाबाईंनीच काढली. चिमूटभर साखर घातली की वाटी भरल्यात जमा. त्यांच्या आईच्या घरी गरिबीत असंच करायचे.

‘‘तुमच्यात साखर कुटं हाय?’’

‘‘आनीन की पावशेर. कुलपात ठिवीन.’’

दुसऱ्या दिवसापासून श्रीमंतराव पुन्हा वाट्या घेऊन हिंडू लागले. आता आजार गल्लीला कळला होता, त्यामुळं सल्ल्यांना तोटा नव्हता. एकानं सांगितलं, किडनी गेली की बोकडाचे गुर्दे खायचे, जागेवर जागा भरते. अंबुबाईंनी त्याला विचारलं, ‘‘तुमी डोस्कं किती खाल्लं? भरल्यालं दिसत न्हाय.’’ सुंदरम्मा सोडून सगळ्यांकडं काही ना काही औषध होतं. सुंदरम्मानं फक्त विचारलं, ‘‘साखर बारीक चालते, का जाड?’’

वाट्या येत राहिल्या. प्रत्येकीच्या तळाशी चिमूट. अंबुबाई ती एका डब्यात जमवत गेल्या. राजाबाईंची चिमूट इतरांपेक्षा मोठी असे. ज्या घरात साखरेला कुलूप होतं, तिथली. मारुतीच्या पायरीवरून श्रीमंतराव आता न बसता जायचे, पण जाताना नळाकडं बघायचे, असं ऋतुजानं एकदा पाहिलं.

महिना झाला, रक्त दिलं. डॉक्टरांनी कागद बघितला. ‘‘थोडं उतरलंय आणि तिथं थांबलंय. बरं झालेलं नाही, आजी, ते होणार नाही. पण थांबलंय. तूर्त मशीनचं नाव काढायला नको.’’ मॅडम दारातच उभ्या होत्या. अंबुबाईंनी पदराखालून ती पांढरी वाटी काढून दाखवली. ‘‘हीच हाय अजून,’’ त्या म्हणाल्या, आणि परत पदराखाली घातली.

घरी आल्यावर त्यांनी साबुदाणा भिजवला. कूट नाही, दूध नाही. तुपात परतला, पाणी घातलं, वेलदोडा घातला, आणि डबा उघडून गल्लीची सगळी साखर त्यात रिकामी केली. ऋतुजानं दोनदा तक्ता काढून बघितला आणि परत घडी घालून ठेवला.

श्रीमंतराव जेवायला बसले. डाळीची वाटी आली, मापाची. ती संपली. ते सवयीनं उठायला गेले, तेवढ्यात अंबुबाई पातेलं घेऊन आल्या आणि मोठी पळी घेऊन समोर बसल्या. या वेळी तसबिरीकडं न बघता. एक पळी घातली. ती संपली, दुसरी घातली. ती संपता संपता तिसरी. श्रीमंतराव खाली मान घालून खात होते आणि कपाळावर घाम आला होता. चौथ्या पळीला त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

‘‘बास,’’ ते म्हणाले.

पळी हवेत थांबली. अंबुबाईंनी त्या हाताकडं बघितलं. सूज उतरलेली, बोटांची हाडं दिसत होती, आणि बोटांमध्ये फट होती. त्या फटीतून त्यांनी पळी रिती केली.

‘‘आत्या,’’ ऋतुजानं आतून विचारलं, ‘‘किती वाढलं मामांना?’’

‘‘मोजलं न्हाय,’’ अंबुबाई म्हणाल्या.